जागे करण्याची रीत

गजराचे घड्याळ म्हणजे आपणच पैसे मोजून उशाशी आणून ठेवलेले भांडण होय. रात्री त्याला सज्ज करायचे आपणच, आणि पहाटे त्याच्या डोक्यावर थाप मारायची तीही आपणच!

तीन वर्षांपूर्वी मुलगी दहावीला गेली आणि हे भांडण आमच्या घरात आले. पहाटे पाचला तो कर्कश आवाज झाला, की घराला आग लागल्यासारखी पोर ताडकन उठून बसे. नंतर अर्धा तास पुस्तक पुढे आणि नजर भिंतीवर. दिवाळीला आम्ही पुसेगावी गेलो, तेव्हा आईने हा प्रकार पाहिला. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "अरे, लेकराला जागं करावं, दचकवू नये."

पुसेगाव हे आमचे गाव. जिल्हा आता हिंगोली. १९९९ पर्यंत परभणी. माझ्या लहानपणी तिथे आमच्या घरात गजर नव्हता. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात काकडा चाले. अंथरुणात प्रथम टाळांची पुसट किणकिण ऐकू येई, मग मृदंग, मग भजनाचे शब्द. तेवढ्यात अंगणात सडा पडे, चुलीपाशी भांडे वाजे, आणि सर्वांत शेवटी आईचा हात कपाळावर येई. तोवर झोप आपल्या पायांनीच निघून गेलेली असे.

विचार केला तर आपण देवालाही एकदम उठवत नाही, भूपाळी गातो. होनाजी बाळाच्या भूपाळीची महती एवढी, की १९५१ साली शांतारामबापूंनी 'अमर भूपाळी' हा चित्रपटच काढला. आकाशवाणीची ती ओळखीची सकाळची धूनही हाका मारीत नाही, हळूच बोलावते. वॉल्टर काउफमान या परदेशी संगीतकाराने ती १९३६ साली रचली.

उलट, अमेरिकेतल्या लेव्ही हचिन्स नावाच्या घड्याळजीने १७८७ साली गजराचे घड्याळ केले, ते फक्त पहाटे चारलाच वाजे! हवी ती वेळ लावता येणाऱ्या गजराचे पेटंट १८४७ साली आंत्वान रेदिये या फ्रेंच गृहस्थाने घेतले. केव्हा उठावे हा प्रश्न सुटला. कसे उठावे हा राहिलाच.

आता शास्त्रज्ञ त्याकडे वळले आहेत. डोळे उघडले तरी मेंदू लगेच कामाला लागत नाही. ही जडता बहुधा पंधरा ते तीस मिनिटे टिकते. २०२० साली मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना त्यांच्या गजराविषयी विचारले. सुरेल गजराने उठणाऱ्यांनी ही जडता कमी जाणवते असे सांगितले. माणसे थोडी, आणि उत्तरे त्यांनी स्वतःच दिलेली. तेव्हा हा काही अखेरचा निकाल नव्हे. पण आईचे म्हणणे अगदीच अडाणी नव्हते, एवढे खरे.

परत आल्यावर मी मंजुळ घंटानादाचे घड्याळ आणले. त्याचा आवाज बारीक सुरू होऊन हळूहळू चढतो. पहिले चार दिवस मुलगी त्या नादात आणखी गाढ झोपली! मग ध्यानात आले, की जागरण करणाऱ्याला कोणताच गजर गोड लागत नाही. रात्री दहाला दिवा मालवायचा नियम केला, घड्याळ उशापासून दूर ठेवले. पंधरा दिवसांत पोर न दचकता उठू लागली. परीक्षेच्या दिवसांत मात्र जुने भांडखोर घड्याळही पाच मिनिटे पुढचे लावून जवळ ठेवले. विश्वास असावा, पण बेसावध राहू नये!

गेल्या दिवाळीत पुन्हा पुसेगावी होतो. आईला आता फारसे ऐकू येत नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे घंटानाद झाला, देवळातले टाळही वाजले. आणि जन्मभर आम्हा सर्वांच्या आधी उठणारी आई त्या दिवशी निजलेलीच होती. मी मोठ्याने हाक मारणार, तोच मुलीने मला हाताने थांबविले. ती आजीच्या अंथरुणाशी बसली आणि तिने तिच्या कपाळावर हळूच हात ठेवला.

आईने डोळे उघडले. क्षणभर नातीकडे पाहिले आणि म्हणाली, "पाणी तापलं का गं?"

ती दचकली नव्हती.