कॅमेरा घेण्यापूर्वी

‘कोणता कॅमेरा उत्तम?’ असे विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. आम्ही उलट विचारतो, ‘छायाचित्रे कशाची काढावयाची?’

इंद्रपुरीतील घरगुती सणसमारंभांस हातातील मोबाईल पुरेसा आहे. परंतु भोपाळच्या मोठ्या तलावाकाठचा सारस दूर असतो. त्यासाठी दूरचे जवळ आणणारे लांब पल्ल्याचे भिंगच हवे. १९५७ साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांच्या दृष्टीस पडलेली भीमबेटका येथील शैलचित्रे खडकांच्या सावलीत आहेत. तेथे मंद उजेडातही प्रकाश भरपूर टिपणारा मोठा सेन्सर उपयोगी पडतो.

दुकानात मात्र मेगापिक्सेलचे आकडेच पुढे केले जातात. वास्तविक, आठ बाय दहा इंचांच्या सुबक छपाईस सुमारे ७ मेगापिक्सेल पुरतात. इवल्या सेन्सरवर पिक्सेलांची दाटी केली, तर प्रत्येकाच्या वाट्यास प्रकाश कमीच येतो.

आम्हीही एकदा आकड्यांस भुललो. बचत खर्ची पडली आणि सारस छायाचित्रात ठिपकाच राहिला! म्हणून विद्यार्थिमित्रहो, आधी आपली गरज कागदावर मांडावी. वडीलधाऱ्यांचे पैसे मागाहून मोजावेत.