उपचार सापडला, पण वेळेचे काय?

दोन-तीन वर्षांचे मूल. चालू लागलेले, बोलण्यात मात्र समवयस्कांच्या किंचित मागे. एके दिवशी त्याला आकडी येते. पुढे तोल जातो, शब्द हरपतात, दृष्टी मंदावते आणि उपचाराविना बहुधा आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान जीवनयात्रा संपते. ‘सीएलएन-२’ या बॅटन विकाराचा हा क्रम. आई-वडील दोघेही निरोगी. परंतु दोघांकडून एकेक सदोष जनुक आले, की मूल या विकाराचे बळी ठरते. ‘टीपीपी-१’ हे विकर म्हणजेच एन्झाइम शरीरात तयार होत नाही, पेशींतील टाकाऊ द्रव्य साचत जाते आणि मेंदूतील पेशी मरू लागतात.

उणे असलेले विकर बाहेरून पुरवावे, ही कल्पना जुनीच. गोशे विकारावर असे विकर शिरेवाटे देण्यास अमेरिकेत १९९१ मध्येच मान्यता मिळाली होती. तथापि रक्तातून मेंदूत शिरण्यास त्याला निसर्गानेच मज्जाव केलेला आहे. म्हणून येथे डोक्याच्या त्वचेखाली लहानशी कुपी बसवून, तिच्या नळीवाटे दर पंधरवड्याला ‘सर्लिपोनेज अल्फा’ थेट मेंदूतील पोकळीत सोडावे लागते. अमेरिकेने एप्रिल २०१७ मध्ये त्यास मान्यता दिली. चालणे व बोलणे यांच्या सहा गुणांच्या मापनात उपचाराविना मुले ४८ आठवड्यांत सुमारे दोन गुण गमावतात. चाचणीतील उपचारित मुलांची सरासरी घट ०.२७ गुण होती. गेलेले सहसा परत येत नाही. उरलेले मात्र बऱ्याच अंशी टिकते.

नेमका येथेच प्रश्न उभा राहतो. इंग्लंडमध्ये औषधांची उपयुक्तता व किंमत तोलणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ च्या प्रारंभी या औषधाविरुद्ध प्राथमिक मत दिले. एका मुलाच्या वर्षभराच्या औषधाची छापील किंमत पाच लाख पौंडांहून अधिक होती. संस्थेचा प्रश्न निर्दय म्हणता येणार नाही. सार्वजनिक तिजोरीवर इतर रुग्णांचाही हक्क असतोच. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये तेथील आरोग्यसेवा व उत्पादक कंपनी यांच्यात तडजोड झाली : औषध द्यावे आणि देता देता पुरावाही गोळा करावा.

तडजोड स्वागतार्हच, परंतु ती इतक्या उशिरा का व्हावी? हिशेबाच्या वहीत दीड वर्ष हा केवळ विलंब ठरतो. या विकाराच्या मुलाच्या आयुष्यात तेवढ्या अवधीत चालणे आणि बोलणे दोन्ही संपू शकते. किमतीची घासाघीस जरूर व्हावी. पण तिचा भुर्दंड मुलांनी का भरावा? मान्यतेबरोबरच तात्पुरता पुरवठा आणि पहिल्या आकडीबरोबरच विकराची रक्ततपासणी, या दोन गोष्टी घडल्या नाहीत, तर विज्ञानाने जिंकलेली लढाई टेबलावर हरण्याची वेळ येईल.