गर्भाशय काढल्यानंतर आंतड्यांची काळजी



खेड्यापाड्यांत ‘पिशवी काढली’ असें ज्या शस्त्रक्रियेस म्हणतात, तिच्यासंबंधीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. कर्करोग नसतांनाही ही शस्त्रक्रिया पुष्कळदां होते. फायब्रॉइडच्या गांठी, न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणें, हीं तिचीं नेहमींचीं कारणें. घरचीं माणसें नंतर जखमेची चौकशी करितात. आंतड्यांची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाहीं.

गर्भाशयाच्या पुढें मूत्राशय, मागें गुदाशय आणि वर लहान आंतड्याचीं वेटोळीं, असा हा दाट शेजार आहे. त्यामुळें शस्त्रक्रियेनंतर आंतडीं कांहीं काळ मंदावतात. पहिले दोन-तीन दिवस पोट जड वाटणें व मलावरोध होणें हें स्वाभाविक होय. अफूवर्गांतील वेदनाशामक औषधें व लोहाच्या गोळ्या यांनीं मलावरोध वाढतो. डॉक्टरांच्या अनुज्ञेनें लवकर उठून चालणें, पुरेसें पाणी आणि सौम्य रेचक एवढ्यानें बहुधा भागतें.

परंतु एक खूण ध्यानांत ठेवावी. बरी होणारी स्त्री दिवसेंदिवस सुधारते. उलट दुखणें वाढूं लागलें, पोट फुगलें, ओकाऱ्या किंवा ताप आला, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. शस्त्रक्रियेंत आंतड्यास इजा होण्याचें प्रमाण शेंकडा एकाहून कमी आहे. पण ती इजा कधीं कधीं त्या वेळीं दिसत नाहीं आणि कांहीं दिवसांनीं प्रकट होते. तेव्हां विलंब प्राणावर बेततो. योनिमार्गानें वायु किंवा मळ येऊं लागल्यास तेंही लगेच सांगावें. तेथें आंतड्याशीं वाट पडलेली असूं शकते.

दुसरा धोका उशिरां येतो. जखम भरतांना पोटांत चिवट पट्टे तयार होतात व आंतडीं त्यांत अडकतात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर हें दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षां अधिक घडतें. महिन्यांनीं, कधीं वर्षांनीं, मुरडा येऊन पोट दुखतें, ओकाऱ्या होतात, मळ व वायु दोन्ही बंद पडतात. म्हणून शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत आणि पुढें प्रत्येक डॉक्टरांस ती झाल्याचें सांगावें.

शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असेल तर हे धोके पत्करणें योग्यच. ती अनावश्यक असेल तर मात्र ते फुकाचे होत. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांची स्थिति उघडकीस आली. शासनाच्या समितीच्या पाहणींत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिकांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याचीं मार्गदर्शक तत्त्वें तीन महिन्यांत स्वीकारावीं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं राज्यांस दिला.

यास्तव आधीं विचारावें: औषधांनीं भागेल काय? रक्तस्रावासाठीं गर्भाशयांत बसविण्याच्या औषधी साधनाचा उपयोग होईल काय? दुसऱ्या डॉक्टरांचें मत काय? आणि शस्त्रक्रिया झालीच, तर शौचाची गोष्ट बोलण्यास स्त्रियांनीं संकोचूं नये. घरांतील वडीलधाऱ्यांनींही ती आपणहून विचारावी.