झाडांच्या सावलीत आकाशाची वाट

दक्षिण दिल्लीत आय.एन.ए. बाजार आणि सरोजिनीनगर यांच्या शेजारी लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. नेताजीनगर, नवरोजीनगर, किडवाईनगर अशी स्वातंत्र्यलढ्याची आठवण जागवणारी नावे आसपास असताना, झाशीच्या राणीचे, म्हणजे माहेरच्या तांब्यांच्या मनूचे नाव या वसाहतीला लाभले आहे. बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबाला हे नाव ऐकूनच थोडा धीर येतो. दुसरा धीर येथील झाडे देतात. कडुनिंब, जांभूळ, पिंपळ, शिरीष यांच्या छायेमुळे दिल्लीचा मे महिना काहीसा सुसह्य होतो.

मात्र घरात सामान लागले, दूरचित्रवाणी संच भिंतीशी उभा राहिला आणि 'सह्याद्री'वरील बातम्या ऐकण्याची इच्छा झाली, की हीच झाडे प्रश्न होऊन समोर येतात. डिश बसवायची कोठे? गच्चीच्या एका कोपऱ्यावर जांभळाची फांदी आलेली, दुसऱ्यावर पाण्याच्या टाक्या, तिसऱ्यावर शेजाऱ्यांच्या डिश. अशा वेळी कोणीतरी सहज म्हणते, "ती फांदी तेवढी उतरवा, म्हणजे काम झाले." हा सल्ला घाईचा आहे, बहुतेक वेळा अनावश्यक आहे आणि दिल्लीत तर कायद्यालाही धरून नाही. डिशला सारे आकाश लागत नाही. तिला लागते ती आकाशातील एकच अरुंद वाट. ही वाट नेमकी कोठून जाते हे कळले, तर झाड आणि डिश एकाच अंगणात सुखाने नांदू शकतात.

तीन मीटरपासून साठ सेंटिमीटरपर्यंत

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने प्रदक्षिणा करतो. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला तो एका जागी स्थिर असल्यासारखा वाटतो. अशा उपग्रहांद्वारे जगभर प्रक्षेपण करता येईल, ही कल्पना आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडली. भारतात तिचा मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात झाला. 'साइट' या नावाने ओळखल्या गेलेल्या या उपक्रमात अमेरिकेच्या ए.टी.एस.-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत शिक्षण, शेती व आरोग्य या विषयांवरील कार्यक्रम पोहोचले. या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाने सांभाळली होती. त्या वेळी खेड्यांत उभारलेल्या तारेच्या जाळीच्या छत्र्या सुमारे तीन मीटर व्यासाच्या होत्या.

पुढे उपग्रहांची शक्ती वाढली, लहरींची लांबी कमी झाली आणि छत्रीही लहान होत गेली. घरोघरी थेट प्रक्षेपणास भारत सरकारने २००० मध्ये अनुमती दिली. २००३ मध्ये खासगी सेवा सुरू झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही मासिक वर्गणी नसलेली सेवा आली. तीच आज 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. आता ब्रॉडबँडवरून कार्यक्रम पाहणारी घरे वाढली आहेत. तरीही एकदाच डिश व सेट-टॉप बॉक्स घेऊन पुढे दरमहा काहीही न भरता चालणाऱ्या सेवेचे आकर्षण, विशेषतः निवृत्त व मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांत, टिकून आहे.

लहान डिशसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. घराची भिंत तर त्यांना अडवतेच, पण पानांनी भरलेली फांदीही अडवते, कारण पानांत पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. पावसाने भिजलेले झाड तर अधिकच मोठा अडसर ठरते.

दिल्लीतून उपग्रह दिसतो कोठे?

'डीडी फ्री डिश'चे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. लक्ष्मीबाई नगरातून पाहिल्यास त्याची दिशा दक्षिणेकडून पूर्वेकडे सुमारे ३१ अंश, म्हणजे दक्षिण आणि आग्नेय यांच्या मध्ये येते. क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ५२ अंश असते. ८३ अंश पूर्वेकडील उपग्रह वापरणाऱ्या सेवेसाठी हीच दिशा दक्षिणेपासून केवळ १२ अंश पूर्वेकडे आणि उंची ५६ अंश होते. म्हणून जागा शोधण्यापूर्वी आपली सेवा कोणत्या उपग्रहावर आहे, हे विचारून घेणे ही पहिली पायरी होय.

मुंबईहून आलेल्या कुटुंबाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुंबईत हाच ९३.५ अंशांवरील उपग्रह दक्षिणेपासून सुमारे ४९ अंश पूर्वेकडे आणि साडेसत्तावन्न अंश उंचीवर असतो. त्यामुळे मुंबईच्या गच्चीवरून उतरवलेली डिश दिल्लीत त्याच कोनात बसवून चालत नाही. दिशा अधिक दक्षिणेकडे वळवावी लागते आणि नजर थोडी खाली आणावी लागते.

या आकड्यांतून दिलासा देणारा निष्कर्ष निघतो. घराच्या उत्तरेस, पश्चिमेस किंवा थेट पूर्वेस कितीही उंच झाड असले, तरी त्याचा डिशला काहीही उपद्रव नाही. विचार करायचा तो केवळ दक्षिण ते आग्नेय या पट्ट्यातील झाडांचा.

त्या पट्ट्यातील झाडासाठीही हिशेब सोपा आहे. ५२ अंशांच्या उंचीसाठी, झाडाचा शेंडा डिशच्या पातळीपेक्षा जितका उंच असेल, त्याच्या साधारण चार-पंचमांश अंतर राखले म्हणजे वाट मोकळी होते. शेंडा डिशपेक्षा १० मीटर उंच असेल, तर झाडाच्या जवळच्या कडेपासून डिश ८ मीटर मागे हवी. डिश गच्चीवर नेल्याने हा फरक ५ मीटरवर आला, तर ४ मीटर अंतर पुरते. उंची वाढवणे आणि मागे सरणे, दोन्हींचा परिणाम एकच असतो. त्यामुळे गच्चीच्या झाडालगतच्या कडेवर उंच खांब उभारण्यापेक्षा विरुद्ध बाजूच्या कठड्याजवळ साधा खांब रोवणे पुष्कळदा स्वस्त आणि सुरक्षित ठरते. दक्षिणेकडे मोकळे मैदान असेल, तर तळमजल्यावरील अंगणही चालते. डिश उंचावर असलीच पाहिजे, हा केवळ समज आहे.

दोन झाडांच्या मधूनही वाट मिळू शकते. जवळच्या झाडांमध्ये त्या नेमक्या दिशेला दीड-दोन मीटर रुंदीची स्वच्छ फट असेल, तरी साठ सेंटिमीटरच्या डिशचे काम भागते. मात्र डिशच्या तोंडावरून तिची दिशा ओळखण्याची चूक करू नये. घरगुती डिशमध्ये लहरी टिपणारा भाग मध्यावर नसून खालच्या बाजूला दांड्यावर असतो. त्यामुळे डिश जितकी उंच पाहते असे वाटते, त्याहून तिची नजर वीस-पंचवीस अंश वर असते. समोरची फांदी आड येते असे वाटून माणूस चिंतेत पडतो आणि खरा अडथळा त्याच्याही वर असतो, असे यामुळे घडते.

सूर्याकडून मोजणी

कोनमापक, दोरा आणि वजन घेऊन ही उंची मोजता येते. होकायंत्राने दिशाही कळते, फक्त ते लोखंडी कठड्यापासून दूर धरावे. परंतु याहून सोपा उपाय निसर्गाने वर्षातून दोनदा उपलब्ध करून दिला आहे.

दरवर्षी ८ मार्च आणि ५ ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस सूर्य दिल्लीच्या आकाशात नेमका या उपग्रहांच्या मागून जातो. त्या काही मिनिटांत सूर्याच्या लहरींमुळे चित्र बिघडते किंवा नाहीसे होते. अनेकांना हा सेवेतील दोष वाटतो, प्रत्यक्षात तो खगोलाचा नियम आहे. डिशसाठी जागा शोधणाऱ्याला मात्र हीच संधी आहे. ९३.५ अंशांवरील उपग्रहासाठी ही वेळ मार्चमध्ये साधारण सव्वाअकरा आणि ऑक्टोबरमध्ये अकराच्या सुमारास येते. ८३ अंशांवरील उपग्रहासाठी ती मार्चमध्ये बाराच्या, तर ऑक्टोबरमध्ये पावणेबाराच्या सुमारास असते. त्या क्षणी डिशच्या नियोजित जागेवर स्वच्छ ऊन पडत असेल, तर उपग्रहापर्यंतची वाट मोकळी आहे. सावली असेल, तर ज्या फांदीची सावली, तीच अडथळा. गच्चीवर खडूने उन्हाच्या तुकड्याची कड आखून ठेवली, की डिशचा नकाशा तयार होतो. त्यासाठी यंत्र नको आणि खर्चही नको.

मात्र या दोन परीक्षांपैकी कोणती विश्वासार्ह, हे झाडाला विचारावे लागते. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये दिल्लीतील कडुनिंब पाने गाळतो. पिंपळाची पानगळही याच सुमारास होते, तर काटेसावर थंडीच्या अखेरीस पर्णहीन उभी असते. या दिवसांत फांद्यांमधून ऊन सहज खाली येते, डिश बसते, चित्र उत्तम दिसते आणि घरातील मंडळी निश्चिंत होतात. एप्रिलमध्ये कोवळी पालवी येते, ती जून होते, जुलैत पावसाने भिजते आणि चित्र तुटू लागते. तंत्रज्ञाला बोलावले जाते, तारा बदलल्या जातात, प्रत्येक फेरीचे पैसे मोजले जातात. दोष असतो तो मार्चमध्ये निवडलेल्या जागेचा. ऑक्टोबरच्या आरंभी मात्र पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि झाड आपल्या पूर्ण भरात असते. त्या दिवशी ज्या जागेवर ऊन पडले, तेथे वर्षभर चित्र दिसण्याची खात्री अधिक. जांभूळ आणि सप्तपर्णी यांसारखी बारमाही दाट झाडे मात्र मार्चमध्येही खरेच उत्तर देतात.

झाड वाढते, हेही विसरू नये. आज शेंड्याला निसटता स्पर्श करून जाणारी वाट दोन-तीन वर्षांत बंद होईल. म्हणून हिशेबापेक्षा एक-दोन मीटर अधिक अंतर राखणे शहाणपणाचे.

फांदीवर कुऱ्हाड नको

दिल्ली वृक्ष संरक्षण अधिनियम, १९९४ अन्वये वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. झाड आपल्या अंगणात असले तरी हा नियम लागू होतो. फांद्यांच्या सरसकट छाटणीबाबतही दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कठोर भूमिका घेतली. सरकारी वसाहतीत तर झाड रहिवाशाच्या मालकीचे नसतेच.

कायद्याच्या पलीकडेही या परिसराला झाडांचे मोल ठाऊक आहे. जून २०१८ मध्ये सरोजिनीनगर, नेताजीनगर, नवरोजीनगर इत्यादी वसाहतींच्या पुनर्बांधणीसाठी हजारो झाडे तोडली जाणार असे कळताच दिल्लीकर रस्त्यावर उतरले. अनेकांनी झाडांना मिठ्या मारल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन वृक्षतोडीस स्थगिती मिळाली. जेथे एका झाडासाठी माणसे उन्हात उभी राहिली, तेथे एका वाहिनीसाठी फांदी उतरवणे शोभणारे नाही.

झाडालाच खांब मानून त्याच्या बुंध्यावर डिश ठोकण्याचा मोहही टाळावा. खिळ्यांनी झाडाला इजा होते आणि डिशचाही लाभ होत नाही. साठ सेंटिमीटरच्या डिशची नजर सुमारे तीन अंशांइतकीच रुंद असते. वाऱ्याने बुंधा किंचित डोलला, तरी उपग्रह नजरेआड होतो. दिल्लीत मे-जूनमध्ये येणारी धुळीची आँधी तर पक्क्या खांबाचीही परीक्षा घेते. खांब ओळंब्याने सरळ केलेला असावा, नट-बोल्ट घट्ट असावेत आणि दर पावसाळ्यापूर्वी ते एकदा तपासावेत.

जागा ठरवताना

• सेवा कोणत्या उपग्रहावर आहे, हे आधी जाणून घ्यावे.
• दक्षिण ते आग्नेय या पट्ट्यातील झाडे व इमारतीच पाहाव्यात.
• शक्य असल्यास ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऊन-सावलीची परीक्षा घ्यावी.
• गच्ची सामाईक असल्यास शेजाऱ्यांशी बोलून व आवश्यक ती परवानगी घेऊनच खांब रोवावा. शेजाऱ्याची डिश आपल्या टाकीमागे दडणार नाही, हेही पाहावे.
• डिशपासून संचापर्यंतची तार शक्यतो तीस मीटरच्या आत ठेवावी. चांगली जागा थोडी दूर असेल, तर मात्र तारेचा जादा खर्च सोसावा. तो तंत्रज्ञाच्या वारंवार फेऱ्यांपेक्षा कमीच असतो.

बदलीच्या नोकरीत घर बदलते, गाव बदलते. नव्या गावात आपली भाषा रोज संध्याकाळी कानी पडावी, ही अपेक्षा साधी आहे आणि रास्तही. तिच्यासाठी लागणारी आकाशातील वाट हाताच्या रुंदीपेक्षा फार मोठी नसते. ऑक्टोबरच्या एखाद्या सकाळी अकराच्या सुमारास गच्चीवर जाऊन उन्हाचा तुकडा शोधला, तर खाली जांभळाची सावली तशीच राहते आणि घरात 'सह्याद्री'ही दिसू लागते.