घुमटाखाली भेटणारी शेजारी दीर्घिका

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे गाव मराठी वाचकास अगदीच परके नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी मुक्तांबाळ हिच्या नावाने उभारलेले छत्र येथे आहे. या गावाचे आकाशही पुण्याच्या आकाशाहून थोडे निराळे आहे.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितके त्या स्थळाचे अक्षांश असतात. पुण्यास तो सुमारे साडेअठरा अंशांवर असतो, तर ओरत्तनाडुस सुमारे साडेदहा अंशांवर. ध्रुव जितका खाली जातो, तितकेच दक्षिणेचे तारे वर येतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतील रात्री, अगस्त्याच्या बऱ्याच खाली, मोठा मॅगेलनी मेघ ओरत्तनाडुच्या क्षितिजावर दहा अंश चढतो. हात लांब करून मूठ धरली असता ती जेवढे आकाश झाकते, तेवढीच ही उंची होय. पुण्यास तो जेमतेम दोन अंश वर येतो. हा मेघ ढग नसून आपल्या आकाशगंगेच्या शेजारची एक लहान दीर्घिका आहे.

तथापि क्षितिजाजवळील दाट हवेतून व गावातील दिव्यांच्या उजेडातून हा फिकट ठिपका सहसा दिसत नाही. अशा वेळी तारांगण उपयोगी पडते. १९५४ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण सुरू झाले. ओरत्तनाडुच्या बाजूस तिरुच्चिरापल्ली येथेही आता तारांगण आहे. अक्षांश बदलण्याची सोय असलेला प्रक्षेपक कलता केला, की घुमटावरील ध्रुव उतरू लागतो, अगस्त्य वर चढतो आणि त्याच्या खालून मेघ उगवतो. प्रेक्षक जागचा हलत नाही. परंतु त्याचा दक्षिणेचा प्रवास घडतो.

घुमटाची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. त्यावर अगस्त्य आणि मेघ सारख्याच अंतरावर दिसतात. वास्तविक अगस्त्य सुमारे तीनशे प्रकाशवर्षे दूर आहे, तर मेघ सुमारे एक लक्ष साठ हजार प्रकाशवर्षे. मग हे अंतर कळले कसे?

त्याची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने शोधली. अमेरिकेतील ज्या हार्वर्ड वेधशाळेत त्या काम करीत, तेथून हे मेघ कधीच उगवत नाहीत. पेरू देशात घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा त्यांनी तपासल्या. १९१२ साली लहान मॅगेलनी मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांवरून त्यांनी दाखविले, की ज्या ताऱ्याचे तेज कमी-अधिक होण्यास अधिक दिवस लागतात, तो तारा अधिक तेजस्वी असतो. सर्व तारे एकाच मेघातील, म्हणजे जवळजवळ सारख्याच अंतरावरचे, म्हणून ही तुलना खरी ठरली. अशा ताऱ्याचा आवर्तकाल मोजला, की त्याचे खरे तेज समजते. खरे तेज व दिसणारे तेज यांवरून अंतर निघते. रस्त्यावरचा दिवा किती शक्तीचा आहे हे ठाऊक असल्यास, त्याच्या मंदपणावरून तो किती दूर आहे हे सांगता येते, तसेच हे आहे.

आजची संगणकावर चालणारी तारांगणे प्रेक्षकास या मेघाच्या आतही नेतात. अशी दृश्ये कोणी तेथे जाऊन पाहिलेली नाहीत; ती मापनांवरून रचलेली असतात. परंतु मेघातून येणारा प्रकाश खराच आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये तेथील एका ताऱ्याचा स्फोट पृथ्वीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसला. तो प्रकाश तेथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर एकही गाव वसलेले नव्हते.

म्हणून तारांगणातून बाहेर पडल्यावर, अंधाऱ्या रात्री एकदा दक्षिणेकडे अवश्य पाहावे.