जुन्या जीपचें वंगण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४१ ते १९४५ या वर्षांत, विलिस व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीप गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर ही गाडी शेतावर, रानांत आणि डोंगरांतील कच्च्या वाटांवर कामास लागली. १९४७ सालीं महिंद्र कंपनीनें मुंबईंत तिची जुळणी सुरू केली, आणि त्याच घराण्यांतील गाड्या पुढें अनेक दशकें या देशांत तयार होत राहिल्या. जुनी जीप हौसेनें अथवा गरजेनें बाळगणारीं घरें महाराष्ट्रांत आजही आढळतात. त्यांच्यापुढें वर्षांतून एकदां तरी एक प्रश्न उभा राहतोच: इंजिनांत तेल कोणतें घालावें? दुकानदार सर्वांत महाग डबा पुढें करतो, मिस्त्री सर्वांत दाट तेल सुचवितो, आणि मालक दोघांच्या कात्रींत सांपडतो. दोन्ही सल्ल्यांत थोडें तथ्य आहे; परंतु ते डोळे मिटून मानल्यास नातवापर्यंत टिकावयाचें इंजिन मालकाच्या डोळ्यांदेखत निकामी होण्याचा संभव असतो.

तेल केवळ भाग बुळबुळीत ठेवतें, ही समजूत अपुरी आहे. फिरता दांडा आणि त्याचें बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा जो पापुद्रा असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांश भागांइतकीच असते. तरी सगळा भार तोच उचलतो आणि धातूला धातु लागूं देत नाहीं. याशिवाय उष्णता वाहून नेणें, पिस्टनच्या रिंगांपाशीं फट बुजविणें, काजळी व कचरा पोटांत घेणें आणि गंज रोखणें, हीं कामें तेलाकडेच असतात. डब्यावर दोन खुणा छापलेल्या असतात, एक अंकांची व दुसरी अक्षरांची. अंक तेलाचा दाटपणा सांगतात. अक्षरें तेलांत मिसळलेल्या औषधी द्रव्यांची प्रत सांगतात. हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि एकाचें उत्तर दुसऱ्यावरून मिळत नाहीं.

प्रथम अंकांचा विचार. '२०डब्ल्यू-४०' या खुणेंतील 'डब्ल्यू' हें हिवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर होय. त्याच्या आधींचा अंक थंडींतील वर्तन सांगतो: १०डब्ल्यू तेलाची कसोटी उणे २५ अंश सेंटिग्रेडला, १५डब्ल्यूची उणे २० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला घेतात. मागचा अंक १०० अंश उष्णतेंत तेल किती दाट राहतें तें दर्शवितो. लडाखांत गाडी चालवावयाची असेल तर पहिल्या अंकास महत्त्व आहे. पुणें, नाशिक किंवा नागपूर येथील हिवाळ्यास २०डब्ल्यू पुरून उरतें. मागच्या अंकाविषयीं युद्धकालीन लष्करी पुस्तिकेची सूचना अशी होती कीं, हवा शून्य अंश सेंटिग्रेडच्या वर असल्यास ३० क्रमांकाचें तेल घालावें. त्याहून एक पायरी दाट असें २०डब्ल्यू-४० महाराष्ट्राच्या हवेंत बहुतेक जुन्या पेट्रोल जीपांस योग्य ठरतें. इंजिन बरेंच झिजलेलें असून विदर्भाचा उन्हाळा सोसावयाचा असेल, तर २०डब्ल्यू-५० पर्यंत जाण्यास हरकत नाहीं.

नव्या मोटारींसाठीं निघालेलें ०डब्ल्यू-२० सारखें पाण्यासारखें तेल मात्र या गाडींत घालूं नये. जीप जेव्हां पहिल्या गिअरमध्यें घाटाची चढण चढते, तेव्हां इंजिन तापलेलें असतें, गाडीचा वेग कमी असल्यानें समोरून वारा लागत नाहीं, आणि इंजिन सावकाश फिरत असेल तर तेलाचा पंपही सावकाश चालतो. अशा वेळीं अति पातळ तेलाचा दाब खालीं येतो व बेअरिंगावरील पापुद्रा तुटतो.

म्हणून दाट तेल तितकें चांगलें, असें मात्र नव्हे. दाट तेल घातलें कीं दाबाचा कांटा वर चढतो, आवाज कमी होतो, धूरही थोडा उतरतो, आणि इंजिन सुधारलें असें वाटतें. वस्तुतः दाब म्हणजे प्रवाह नव्हे. काकवी ओतावयास जोर अधिक लागतो, पण ती भांड्यांत पोंचते उशिरां. सकाळीं इंजिन सुरू होतांच तेल जितकें उशिरां वरच्या भागांपर्यंत जाईल, तितका वेळ ते भाग कोरडे घांसतात, आणि इंजिनाची बरीचशी झीज याच घटकेस होते. झिजलेल्या रिंगा व बेअरिंगें तेलानें भरून येत नाहींत. दाट तेल तें दुखणें झांकतें एवढेंच.

आतां अक्षरांकडे वळावें. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारींत 'एस्' नें आरंभ होणारी जोडी पेट्रोल इंजिनांसाठीं व 'सी' नें आरंभ होणारी डिझेल इंजिनांसाठीं असते. दुसरें अक्षर वर्णमालेंत जितकें पुढचें, तितकी प्रत नवी. १९३० पूर्वीच्या इंजिनांसाठीं सांगितलेलें 'एस्‌ए' तेल बिनऔषधी असतें. गाडी जुनी म्हणून तेलही जुन्या प्रतीचें घेणें हा निव्वळ भोळेपणा होय. परंतु नव्या प्रतींतही एक मेख आहे. कॅमशाफ्ट व टॅपेट जेथें एकमेकांवर घांसतात, तेथें तेलाचा पापुद्रा पुरा पडत नाहीं. तेथें जस्त व फॉस्फरस यांचें एक संयुग धातूवर रक्षक थर धरतें. फॉस्फरसमुळें नव्या मोटारींच्या धुराड्यांतील शुद्धियंत्र बिघडतें, म्हणून २००४ सालच्या 'एस्‌एम्' वर्गापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ तेलांत त्याचें प्रमाण शेंकडा ०.०८ च्या वर असूं नये असा निर्बंध आला. २०डब्ल्यू-४० अथवा २०डब्ल्यू-५० यांसारख्या दाट तेलांस ही वरची मर्यादा लागू नाहीं. जीपमालकास हा योग सुखाचा आहे, कारण त्याला हवा तो दाटपणा आणि हवें तें रक्षण एकाच डब्यांत मिळूं शकतें. विलिस इंजिन मंदगति असून त्याच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा फार कडक नाहींत. तेव्हां वरून जस्ताची वेगळी बाटली ओतण्याचें कारण नाहीं. अतिरेकानें उलट धातु खाल्ला जातो.

ज्या जीपांत डिझेल इंजिन आहे त्यांची गोष्ट निराळी. डिझेलची काजळी पुष्कळ असते आणि ती धरून ठेवणारें तेल लागतें. तेथें 'सीएच्-४' किंवा 'सीआय्-४' प्रतीचें १५डब्ल्यू-४० घ्यावें. महागडें कृत्रिम तेल अपायकारक नाहीं. पण त्याचा मोठा लाभ म्हणजे दीर्घकाळ टिकणें, आणि धूळ व पेट्रोल मिसळून लौकर नासणाऱ्या तेलास त्या लाभाचा उपयोग नाहीं. शिवाय जुन्या, झिजलेल्या दट्ट्यांतून तें ठिबकण्याचा संभव असतो.

यावरून दिसेल कीं, तेल कोणतें याइतकाच तें केव्हां बदलावें हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या जीपच्या फिल्टरमधून एका वेळीं सगळें तेल जात नाहीं, थोडा भागच जातो. म्हणून तीन हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, जें आधीं होईल तेव्हां तेल बदलावें. ओढ्यांतून गाडी काढल्यावर तेल दुधाळ दिसलें तर एक दिवसही थांबूं नये. पट्टीवरील पातळी आपोआप वाढली आणि वासास पेट्रोल लागलें, तर तें नशीब नव्हे; पेट्रोलपंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलांत उतरत आहे. तेल शोषणारी जाळी या इंजिनांत तेलावर तरंगते, म्हणून गाळ खालीं चेंबरमध्यें वर्षानुवर्षें साचूं शकतो. बरींच वर्षें बंद असलेल्या गाडींत धुवून काढणारें नवें तेल घालण्यापूर्वीं चेंबर उतरवून सांफ करावा, आणि पहिलें तेल थोडक्याच दिवसांत पुन्हां बदलावें.

सारांश, अंक हवेप्रमाणें व इंजिनाच्या झिजेप्रमाणें निवडावा, अक्षर इंधनाप्रमाणें निवडावें, आणि उरलेला पैसा महाग डब्यापेक्षां वेळेवर तेल बदलण्यांत खर्चावा. विलिस इंजिन साठ अश्वशक्तीचें, साधें आणि सोशीक आहे. चांगल्या वंगणाखेरीज तें मालकापाशीं फारसें कांहीं मागत नाहीं. मात्र तेवढें न मिळाल्यास त्याचा झिजलेला दांडा पूर्ववत् करण्यास जो खर्च येतो, त्यांत अनेक वर्षांचें तेल येऊन जातें.