पेरणी आणि लावणी : श्रद्धेच्या वाढीची एक प्रतिमा

ख्रिस्ती उपदेशात श्रद्धेच्या वाढीला बागेची आणि शेताची उपमा वारंवार दिली जाते. परंतु ती बाग पॅलेस्टाइनची आहे, हे बहुधा ध्यानात घेतले जात नाही. तेथे पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि शेवटचा मार्च-एप्रिलात पडतो. याकोबाच्या पत्रातील शेतकरी या दोन्ही पावसांची वाट पाहतो. मार्ककृत शुभवर्तमानातील पेरणारा बी टाकून झोपी जातो, उठतो. भूमी आपल्या आपण पीक देते. लूककृत शुभवर्तमानातील माळी मात्र स्वस्थ बसत नाही. तीन वर्षे न फळलेल्या अंजिराभोवती खणून खत घालण्यासाठी तो धन्याकडे आणखी एका वर्षाची मुदत मागतो. एकाचा धीर स्वस्थतेचा, दुसऱ्याचा कष्टाचा. तरी दोहोंतही रोप जेथे रुजते तेथेच वाढते.

मुरबाड तालुक्यातील धसईच्या परिसरातल्या भातशेतीची रीत निराळी आहे. पावसाळ्यापूर्वी फांद्या, पालापाचोळा, गवत व शेण पसरून जमीन भाजतात; हाच राब. पाऊस सुरू झाला की त्या जागी दाट बी पेरतात आणि तीन-चार आठवड्यांनी रोपे मुळासकट उपटून खाचरातील चिखलात लावतात. लावलेले रोप प्रथम पिवळे पडते, मान टाकते. मूळ धरावयास त्याला काही दिवस लागतात. अनभिज्ञाला तो नाशच वाटेल. त्या दिवसांत रोप जगले की नाही, हे कोणी उपटून पाहत नाही.

मराठी ख्रिस्ती अनुभवाला पेरणीपेक्षा ही लावणीच अधिक जवळची आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली ताटातूट आणि सोवळ्याओवळ्याचे हळूहळू गळून पडणे 'स्मृतिचित्रे'त आले आहे. त्या पाच वर्षांना केवळ विरोधाचा काळ म्हणणे म्हणजे पिवळ्या रोपाला मेलेले समजणे होय.

मात्र उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. लावणीपूर्वी रोपांच्या मुळांची माती झटकतात. टिळकांनी ती झटकली नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत, आणि अभंग व कीर्तन ही रूपे त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी योजिली.